कूस बदलल्याच्या खुणा

म्हाताऱ्या माणसाच्या पाठीची कातडी इतकी पातळ झालेली असते, की आपलं बोट तिला लागतं आहे की तिच्याखालच्या हाडाला, हेच कळत नाही. तिच्यावर अंगठा दाबला की क्षणभर पांढरा ठसा उमटतो, मग रक्त परतून येतं आणि तो पुसून टाकतं. ठसा पांढरा उमटतो आहे तोवर काळजी नाही. पण लाल डागावर अंगठा दाबूनही तो लालच राहिला, तर समजावं की आत खोल कुठेतरी मांस मरू लागलं आहे. हे मला देखभालीला येणाऱ्या जयवंतीने शिकवलं, माझ्या वडिलांच्या माकडहाडावर, बोईसरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत. तो डाग कुणामुळे पडला, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. पत्नीला नाही, बहिणीलाही नाही. तो माझ्यामुळे पडला.

अण्णा, म्हणजे माझे वडील, बोईसरजवळच्या माहीम गावचे. नागवेलीच्या पानांची वाडी त्यांनी उभा जन्म सांभाळली. खुडलेली पानं करंडीत रचून ठेवली, की ते ती पुन्हापुन्हा उलटीपालटी करत. एका अंगावर पडून राहिलेलं पान सडतं, आणि जाताना शेजारच्यालाही घेऊन जातं. त्यांच्या ओल्या, हिरवट बोटांना त्या कामाची इतकी सवय झाली होती, की बोलता बोलता, भांडता भांडतादेखील पानं फिरत राहायची. पक्षाघाताने त्यांचं डावं अंग आणि सगळी वाणी एकाच सकाळी नेली. मी त्यांना बोईसरला आणलं. तिथे खिडकी उघडली की संध्याकाळच्या हवेतून तारापूरच्या कारखान्यांचा गोडसर, घशाला खवखवणारा वास येई, म्हणून खिडकी बंदच असे.

वार्धक्याला आपण पिकलं पान म्हणतो, आणि किती सहज म्हणतो. जणू ते हलकेच देठातून सुटणार आहे, आपण फक्त हात जोडून पाहायचं आहे. प्रत्यक्षात वार्धक्य जड असतं. ज्या देहात मूठभर मांस उरलं आहे, तो कुशीवर वळवताना आपल्या कमरेत कळ येते. तहान लागते, पण लागल्याचं कळत नाही. दुखतं, पण दुखण्याची वर्दी उशिरा पोचते. ज्याला स्वतःचं दुःख उशिरा कळतं, त्याच्यासाठी ते वेळेवर दुसऱ्या कुणाला तरी कळावं लागतं. शुश्रूषा शुश्रूषा म्हणतात ती याहून निराळी काय असते?

जयवंतीला हे कळत होतं. ती डोंगराकडच्या पाड्यातली, आजाऱ्यांच्या सेवेचं सहा महिन्यांचं शिक्षण घेतलेली, सालवडला खोली करून राहणारी. आजाऱ्यांसाठी घरी माणसं पुरवणाऱ्या एका ब्यूरोमार्फत ती आमच्याकडे आली. पहिल्याच दिवशी तिने भिंतीवर एक कागद चिकटवला. दर दोन तासांनी अण्णांची कूस बदलायची आणि बदलली की वेळ लिहून खूण करायची. सकाळी सात ते तीन ती. माझी पहिली पाळी दोनला सुटे, म्हणून तीन ते दहा मी. त्यानंतर पत्नी, जिच्या शिकवण्या नऊपर्यंत खालच्या मजल्यावर चालत.

"बाबा, आता भिताडाकडं तोंड करा, माजं तोंड बघून इटला असाल," असं म्हणत ती त्यांना वळवी, आणि अण्णांच्या चेहऱ्याची जिवंत राहिलेली बाजू हसे. मला म्हणे, "दादा, तुमी कंपनीत यंत्राला तेल घालता ना? मंग बापाला हात लावायला का लाजता?"

ती थट्टेत म्हणत होती. तिने मर्मावर बोट ठेवलं होतं.

मी एका रसायनांच्या कारखान्यात पाळीप्रमुख आहे. आमच्याकडे दर तासाला तापमान, दाब यांची नोंद होते. ती यंत्रापाशी जाऊन, काटा बघून करायची असते, आणि वीस वर्षं माझं एक मोठं काम हेच, की ती खुर्चीत बसून केलेली नाही ना हे ओळखायचं. ओळखायला फार अक्कल लागत नाही. खरी नोंद कधीच सुबक नसते. ती थोडी वर जाते, थोडी खाली येते, कधी दहा मिनिटं उशिरा होते, एखाद्या आकड्यावर तेलकट बोट उमटलेलं असतं. सगळ्या रकान्यांत एकसारखे आकडे दिसले, की मी ऑपरेटरला बोलावून घेई. "काय रे, यंत्र तुझ्यापेक्षा शिस्तीचं दिसतंय." तो मान खाली घाली. मला त्या क्षणी फार बरं वाटत असे.

आणि घरी मी काय केलं? एका दुपारी दमून आलो, अण्णांना पाठीवर टेकवून टीव्ही लावून दिला आणि खुर्चीत झोपलो. जाग आली तेव्हा साडेसात झाले होते. कागदावर चारची आणि सहाची जागा रिकामी होती. मी दोन्ही खुणा केल्या. एका ओळीत, सुबक हाताने. वीस वर्षं दुसऱ्यांचा तो हात मी पाहत आलो होतो. पुढे मी आल्याआल्याच सगळ्या खुणा करून टाकू लागलो. चार, सहा, आठ. त्यांना पाठीवर ठेवायचं, समोर मालिका लावायची. वळवताना ते कण्हायचे, ते कण्हणं ऐकावं लागत नसे. खरं सांगू? थकवा हे कारण अर्धंच आहे. ज्या बापाने मला मोठेपणी कधी पाठीवर हात ठेवून जवळ घेतलं नाही, त्याच्या उघड्या, विष्ठेचा वास येणाऱ्या देहाला मिठी मारून वळवायचं, हे माझ्याने होईना. मला किळस येत होती. हा शब्द मी प्रथमच लिहितो आहे.

पंधरवड्यात जयवंतीने मला तो डाग दाखवला. "दाबलं तरी पांढरं होत नाय, दादा. संध्याकाळी वळवता ना तुमी?"

"कागद बघ की," मी म्हणालो.

तिने कागद बघितला. मग स्वतःच्या हातांकडे बघितलं, जणू काही ते चोरी करून आले होते. त्या दिवसापासून ती दोन खुणांच्या मध्येही एकदा, खूण न करता, वळवू लागली. मी लाजेने चार दिवस वळवलं, आणि पाचव्या दिवशी पुन्हा खुणा केल्या. डागाचा फोड झाला, फोडाची जखम झाली, जखमेत कापूस आत जाऊ लागला. तिचा वास बंद खोलीत राहिला, कपड्यांना लागला, डब्यातल्या पोळीला लागला.

वसईहून ताई आली, माझी थोरली बहीण. डॉक्टर तिला म्हणून गेले होते, की वेळेवर वळवलं असतं तर हे झालं नसतं. ताईने कागद भिंतीवरून ओढून काढला. माझ्या वेळा ओळीने सरळ होत्या. जयवंतीच्या होत्या सात वीस, नऊ पस्तीस, अकरा पन्नास. एका जागी खाडाखोड, एका जागी औषधाचा पिवळा डाग.

"ही बघ, रोज उशीर. पैसे घेताना होतो का ग उशीर?"

"मी वळवलंय हो ताई. अंग पुसत असलं तर इकडं तिकडं होतं. बाबांना इचारा."

त्या खोलीत नोंदी वाचता येणारा एकच माणूस होता. तिचा कागद खरा आहे आणि माझा खोटा, हे ओळखायला मला क्षणही लागला नाही. अण्णांनी चालणारा उजवा हात उचलला. बोट माझ्याकडे होतं. ताई म्हणाली, "पाणी मागतायत." मी उठलो, चमच्याने त्यांना पाणी पाजलं, आणि ते त्यांनी माझ्याकडे बघत बघत गिळलं.

जयवंती त्याच दुपारी गेली. ताईने ब्यूरोला कळवलं, की बाई निष्काळजी आहे. अण्णा आणखी चार महिने होते. त्या चार महिन्यांत मी त्यांना न चुकता वळवलं, दोन्ही हातांनी, छातीशी धरून. किळस कुठे गेली कळलं नाही. पण जखम हाडापर्यंत पोचली होती, आणि शेवटी तिचंच विष रक्तात भिनून ते गेले. कर्तव्य उशिरा केलं तर त्याला कर्तव्य म्हणावं, की प्रायश्चित्ताची हौस? मला ठरवता आलेलं नाही.

परवा बोईसरच्या बाजारात जयवंती दिसली. गळ्यात एका कारखान्याचं ओळखपत्र होतं, बोटांना निळा रंग बसलेला. पॅकिंगला आहे म्हणाली. "आजाऱ्यांच्या कामाला आता कोन बोलवत नाय, दादा. ब्यूरोनं नाव काढलं." मग तिने विचारलं, "बाबा गेल्याचं कळलं. जखम भरली होती का हो?"

"भरली होती," मी म्हणालो.

"बरं झालं. मला अजून वाटतं, माजंच कायतरी चुकलं आसंल."

ती भाजी घेऊन गर्दीत गेली.

हे इथे लिहिलं म्हणून काही फिटत नाही. जयवंती हे वाचणार नाही. सालवडला तिच्या दारात जाऊन, तुझं काहीही चुकलं नव्हतं, बाबांना मी वळवलं नाही आणि जखम शेवटपर्यंत भरली नाही, हे सांगायचं देणं मी तिचं लागतो. तेच ताईला सांगायचं आहे आणि ब्यूरोला माझ्या सहीने लिहून द्यायचं आहे. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.