मादामबाईंची चार वाजताची शिकवणी

बाबांचे कान साचेखात्यात गेले. साचेखातं म्हणजे कापडगिरणीतलं मागांचं खातं. तिथं धडधड इतकी की शेजारच्यानं कानाशी ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. आमच्या घरातही तीच रीत पडली. जेवताना कुणी आवाज काढत नसे, नुसते ओठ हलवायचे. नवा माणूस घरात आला की बिचकायचा.

पुढं बाबांचा दमही गेला आणि काम सुटलं. माय जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला जाऊ लागली. त्यावर मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. हे मी मुद्दाम सांगते, कारण ते सोपं नव्हतं. नागपूरला फ्रेंचचा डिप्लोमा केला तेव्हा माय म्हणाली, "पोट्टे, हे भाषा आपल्याकडं बोलते कोन?"

उत्तर दोन वर्षांनी मिळालं. एक बाई बोलत होती, पण ती वारली होती.

अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीचा सुमार. वर्ध्याजवळ सेलूच्या बाजूला कुष्ठरोग्यांचा एक लहान दवाखाना होता. एका फ्रेंच डॉक्टरबाईंनी तो उभा केलेला. सगळे त्यांना मादामबाई म्हणत. त्या वारल्यावर त्यांच्या बंगल्यात चार ट्रंका कागद निघाले. पैकी एका जाड वहीत त्यांनी दवाखान्याची हकीकत लिहून ठेवली होती. फ्रान्सहून पाहुणे यायचे होते. त्याआधी ती वही मराठीत आणि इंग्रजीत हवी होती. भाषांतरकार म्हणून मला टेंपररी ऑर्डर मिळाली. काम चांगलं झालं तर कायम करू, असं सेक्रेटरी राऊत साहेबांनी सांगितलं. घरात तेव्हा तेवढा एकच पगार धड येणार होता.

पहिली चाळीस पानं मी झपाट्यानं करून दिली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं.

"कुंदाबाई, हे विहीर कोठी हाय हो?"

"दक्षिणेच्या कुंपणापाशी, सर. पान अकरा."

"अन् बायांचा वॉर्ड?"

"विहिरीच्या मागं."

"चला, दाखवा मले."

भर उन्हात आम्ही कुंपणापर्यंत गेलो. तिथं बाभळी होत्या, तुटकी तार होती आणि एक बकरी होती.

"मी बावीस वर्षांपासून इथं हावो," साहेब म्हणाले. "मले तं नाई दिसली विहीर. तुमाले दिसून राह्यली काय?"

मी बकरीकडे बघत राहिले.

"पाहुणे एकवीस तारखेले येऊन राह्यले. नसलेल्या वॉर्डात नेऊ काय त्याइले? वीस तारखेपर्यंत नीट करून द्या. नाई जमलं तं पुण्याहून प्रोफेसर बोलावतो. तुमची ऑर्डर तशीबी तीस तारखेले संपते."

चूक काय झाली ते साध्या शब्दांत सांगते. आपण म्हणतो, 'विहीर व्हावी असं तिला वाटत होतं.' विहीर झाली की नाही, ते हे वाक्य सांगत नाही. फ्रेंचमध्ये अशा जुन्या इच्छेसाठी क्रियापदाचं वेगळंच रूप असतं. दर क्रियापदाची सहा रूपं. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. नेहमीची क्रियापदं तर त्यात इतकी बदलतात की ओळख लागत नाही, आणि वरवर 'झालं', 'होतं' असल्या भूतकाळासारखी दिसतात. बोलण्यातून ते केव्हाच गेलं. आमच्या पुस्तकात एवढंच होतं की विद्यार्थ्यांनी हे सोडलं तरी चालेल. मी सोडलं. मादामबाईंनी सोडलं नव्हतं. त्यांची वही म्हणजे अर्धी अशी इच्छाच होती, आणि मी ती सगळी घडलेली म्हणून लिहून दिली.

म्हणजे मी कागदावर एक आख्खा दवाखाना बांधला होता, जो कधी नव्हता. विहीर, वॉर्ड, कडुनिंबाची रांग आणि त्या सावलीत बसलेल्या बाया. मला तो इतका स्पष्ट दिसला होता की नंतर त्या कुंपणाकडे बघायलाही नको वाटायचं.

मी वर्ध्याच्या लायब्रऱ्या पालथ्या घातल्या. रविवारी नागपूरला जाऊन आमच्या सरांना गाठलं. ते म्हणाले, "आम्हीही ते सोडूनच दिलं होतं." त्या रूपांचे तक्ते कुठंच मिळेनात. आठ दिवस असेच गेले.

मी कामाला मादामबाईंच्या बंगल्यातच बसायचे, कारण ट्रंका तिथं होत्या. बंगल्यात दुसरं माणूस एकच, त्यांचा म्हातारा स्वयंपाकी मडावीबाबा. गिरडकडच्या जंगलातला गोंड माणूस. लिहिता-वाचता येत नसे. दिवसभर कुणाशी बोलत नसे.

त्या दिवशी चार वाजता मी पाणी प्यायला व्हरांड्यात आले. एप्रिलचं ऊन. झाडाचं पान हलत नव्हतं. मडावीबाबा सूप घेऊन जमिनीवर बसले होते, तुरीची डाळ निवडत. समोर मादामबाईंची वेताची खुर्ची, रिकामी. मडावीबाबांची नजर खुर्चीवर, आणि ओठ हलत होते. आवाज बिलकूल नाही.

मी लहानपणापासून ओठ वाचत आले. सवयीनं वाचले, आणि हातातला पेला खाली ठेवला. ते ओठ मराठी बोलत नव्हते. गोंडीही नाही. शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू, मग दात, मग पुन्हा चंबू. क ज फ्यूस. क त्यू फ्यूस. किल फ्यू. मी असावं, तू असावं, त्यानं असावं. सहाच्या सहा रूपं, ओळीनं.

मी सुपासमोर जाऊन बसले.

"मडावीबाबा, हे काय म्हणता?"

"मादामबाईचं हाय," ते म्हणाले. "शेवटच्या दोन वर्सात तिचा गळा गेलता. आवाजच नाई. ओठ पाहून समजाव लागे, च्या पाह्यजे का पानी. चार वाजले का या खुर्चीत बसे अन् हे म्हने. रोज येगळं. मी समोर बसून डाळ निवडो. मंग माहे बी ओठ हालाले लागले."

"अर्थ माहीत आहे?"

"अर्थाचं काय करतं? तिनं एक दिवस खाडा नाई केला. मी काऊन करू?"

म्हातारपणी डोकं शाबूत राहावं म्हणून मादामबाई रोज एक क्रियापद घोकत असाव्यात. ते शब्द या माणसानं कधी कानानं ऐकलेच नव्हते. फक्त पाहिले होते.

दुसऱ्या दिवसापासून चारच्या ठोक्याला मी वही घेऊन त्यांच्याशेजारी बसू लागले. रोज एक क्रियापद. ते ओठ हलवत, मी उतरून घेई. मग मी मोठ्यानं म्हणून दाखवी आणि ते माझ्या ओठांकडे बघत. एका दिवशी 'जाणणं' हे क्रियापद आलं. मी हुशारी केली. ते म्हणायच्या आधीच, नियमानं कसं होईल ते ताडून, मी रूप ठोकून दिलं.

खुर्चीच्या हातावर टकटक झाली. दोनदा.

मडावीबाबांचे दोन्ही हात सुपात होते.

"मादामबाईले पसंत नाई," ते शांतपणे म्हणाले. "परत म्हन."

उन्हानं वेत तडकतो. मी आर्ट्सची असले तरी एवढं सायन्स मला कळतं. आणि तोंड उघडं राहिलं तिथं चंबू हवा होता, हे बाबांना दिसलंच असणार. पण मी खुर्ची तपासायला उठले नाही. मी परत म्हटलं, चंबू करून. खुर्ची गप्प राहिली. रात्री नागपूरच्या सरांना पत्र टाकलं. त्यांनी कुणाला तरी विचारून कळवलं, दुसऱ्यांदा म्हटलेलं रूप बरोबर.

अठरा तारखेला 'येणं' हे क्रियापद आलं. मादामबाईंच्या वहीचं शेवटचं पान त्याच्यावरच अडलं होतं. मी यावं. तू यावं. तिनं यावं. इथं मडावीबाबांचे ओठ थांबले. मिटलेही नाहीत, तसेच अर्धे उघडे.

"पुढं, बाबा?"

"पुढं नाई. इथपर्यंत म्हनलं, अन् मान टाकली तिनं."

आम्ही दोघंही खुर्चीकडे बघत बसलो. उरलेली तीन रूपं मला सांगणारं आता कुणी नव्हतं. मी मनात जुळवली. नियम तोपर्यंत हाताला लागला होता. ताठ बसले आणि खुर्चीकडे तोंड करून हळूहळू म्हटलं. आम्ही यावं. तुम्ही यावं. त्यांनी यावं.

मग वाट पाहिली. घाम मानेवरून पाठीत उतरला. टकटक झाली नाही.

मडावीबाबांनी बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग सूप बाजूला ठेवलं, उठले, आणि खुर्ची उचलून आत नेऊन भिंतीला उलटी टेकवली.

"झालं तिचं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चारला मी सवयीनं व्हरांड्यात गेले. ते आवारातल्या पोरासोरांशी मोठ्यानं बोलत बसले होते. ओठ पुन्हा तसे हलताना मी पाहिले नाहीत.

वीस तारखेला सकाळी राऊत साहेबांच्या टेबलावर मी सगळ्या वहीचं नवं भाषांतर ठेवलं. त्यांनी पान अकरा काढलं.

"म्हंजे विहीर नाई?"

"नाही सर. व्हावी असं त्यांना वाटत होतं."

"अन् वॉर्ड?"

"तोही व्हावा."

"अन् झाडं?"

"लावावीत."

साहेबांनी चष्मा काढला. "बाईनं गोष्ट नाई लिहिली तं. कामाची यादी देऊन गेली." मग ओरडले, "अरे, च्या आना दोन! कुंदाबाईले साखर जास्त."

पाहुणे आले, वाचून गेले. पुण्याचे प्रोफेसर आले नाहीत. धडा म्हणाल तर कोरडाच आहे. पुस्तक जे सोडा म्हणतं ते आधी पाठ करावं, कारण लिहिणाऱ्यानं ते सोडलेलं असेलच असं नाही.

तीस तारखेला मला कायमची ऑर्डर मिळाली. त्याच दवाखान्यातून अठ्ठावीस वर्षांनी मी भाषांतरकार म्हणून रिटायर झाले.