गोधडीखालची घोरपड

"मेली अंड्यावर आलीय, म्हणून माझी अंडी चोरते," शेजारच्या काकू कोंबड्यांना सांगत होत्या. त्या घोरपडीला त्यांच्या रोज शिव्या असतात. मी मधल्या दगडी गडग्यावरून डोकावले. दोन हात लांब घोरपड परसातलं वारूळ नख्यांनी उकरून अंडी घालायला आत शिरत होती. शेपटी अजून बाहेरच होती.

तेवढ्यात पोतं घेतलेले दोघे फाटकाशी आले. त्यांना मांसासाठी ती हवी होती. काकूंनी दोरीवरची गोधडी ओढून वारुळावर टाकली आणि पुन्हा कोंबड्यांवर ओरडू लागल्या.

"काय गो बाय, घोरपड दिसली काय?" एकाने मला विचारलं.

वाडीत मी सहसा कुणाशी बोलत नाही. गोधडी हलली.

"व्हाळाच्या पाण्याकडे गेली," मी मोठ्याने म्हणाले. "पळा लवकर."