तानूबाईची पौडची वाट

भाताची काढणी उरकली की पौडजवळच्या रिह्याच्या खोऱ्यात मेंढपाळांचे तळ उतरत. तानूबाईचा तळ त्यातलाच. नवरा धुळा, सासू बयाबाई, ओझ्याची घोडी, कुत्री आणि मेंढरं. दिवसा मेंढरं डोंगराला चरत, रात्री कुणाच्या तरी मोकळ्या खाचरात बसत. शेताला लेंडीखत मिळे आणि तळाला भात.

सत्तावन्न साली मेंढरं खांबेवाडीच्या कोंडिबाच्या खाचरात होती. त्या आठवड्यात गावच्या देवीचे चांदीचे डोळे चोरीला गेले. गाव हादरलं. पोलीस पाटील हैबतराव म्हणाले, "गावातला कोन देवीला हात लावनार? बाहेरचं कोन आलंय ते बघा." बाहेरचं म्हणजे धुळाच. सकाळी हवालदार तळावर आला, पालं उपसली, पीठमीठ सांडलं. काही सापडलं नाही, तरी त्यानं धुळाला दंडाला धरून चावडीत नेलं.

दुसऱ्या दिवशी तानूबाई भाकरी घेऊन चावडीवर गेली. तिला दारातच अडवलं. आत धुळा भिंतीला टेकून बसला होता. त्याचे पाय पुढे पसरलेले होते आणि तळवे सुजून काळेनिळे झाले होते. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि मान वळवली. तानूबाईला मारापेक्षा ते मान वळवणं जास्त लागलं. उघड्या रानात लांडग्यामागे धावणारा माणूस बायकोला तोंड दाखवायला लाजत होता.

तळावर बयाबाई म्हणाली, "गप ऱ्हा पोरी. आपन फिरस्ती मानसं. चार दिस मारतील आन् सोडतील."

"आन् न्हाई सोडला तर?"

सासू मेंढरांकडे वळली.

संध्याकाळी कोंडिबाची बायको रत्नाबाई खाचराच्या बांधावर आली. तिचा भाऊ पुण्याच्या कोर्टात पट्टेवाला होता. दिवाळीला आला की कोर्टातल्या गोष्टी रंगवून सांगायचा. ती तानूबाईजवळ बसली.

"तानू, माझा भाऊ सांगत हुता. पोलिसानं मानूस धरला की दिसा-रातीच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटपुढं उभा करावा लागतो. तसाच कोंडून ठिवता येत न्हाई. मारता तर येतच न्हाई. आपलं राज्य आल्यावर जी घटना केली, तिच्यातच लिवलंय म्हनं."

तानूबाईनं विचारलं, "वयनी, त्ये गावात घर असनाऱ्यांसाठी असंल. आमाला कुटं गाव हाय?"

"मी बी हेच इचारलं हुतं त्याला, कातकऱ्यांचं. तो म्हनला, मानूस म्हनलं की लागू."

हैबतराव कोंडिबाच्या भावकीतले. कोंडिबा बायकोवर चिडला. "उद्या पाटलासंगं उठाय-बसायचं हाय आपल्याला. तू यात पडू नगंस." रत्नाबाईनं वाद घातला नाही. पहाटे दळण आटोपलं, पदर खोचला आणि तानूबाईबरोबर पौडची वाट धरली.

पौडला मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत शिपायानं दोघींना व्हरांड्यात बसवून ठेवलं. साहेब कामात आहेत, जेवायला गेले आहेत, आज भेट नाही, असं तो सांगत राहिला. तानूबाई हलली नाही. ऊन व्हरांड्यातून कलून गेलं तेव्हा मॅजिस्ट्रेट स्वतःच बाहेर आले. चष्मा लावलेले, थकलेले गृहस्थ होते. बायका अजून इथंच बसलेल्या पाहून ते थांबले.

तानूबाईनं सगळं सांगितलं. क्रम कुठं चुकला नाही.

"चोरी त्यानं केली नाही, हे तुला नक्की माहीत आहे?" साहेबांनी विचारलं.

"मला ठाव हाय. पर माझं नगा ऐकू, सायेब. तुमी चौकशी करा. केली असंल तर तुमी शिक्षा द्या, मी रडत येनार न्हाई. पर चौकशी व्हायच्या आदी त्याचं पाय फोडायचा हक कुनाला हाय?"

"कुणालाच नाही," साहेब म्हणाले. "आणि त्याला कालच माझ्यापुढं आणायला हवं होतं." त्यांनी तिथंच हुकूम लिहिला आणि घोडेस्वार शिपायाला खांबेवाडीला पिटाळलं.

धुळाला आणलं ते बैलगाडीतून, कारण त्याला चालवत नव्हतं. गाडी कोंडिबाची होती. जामिनाला स्थानिक खातेदार लागेल असं साहेब म्हणाले, तेव्हा कोंडिबाच पुढे झाला. "माज्या खाचरात बसल्यात त्याची मेंढरं. मी ऱ्हातो जामीन," एवढंच बोलला. रत्नाबाईकडे त्यानं पाहिलंही नाही. ती गाडीत धुळाच्या पायाखाली गवत सारत राहिली.

साहेबांनी पायांच्या जखमा डॉक्टरला दाखवल्या आणि त्याची नोंद करून घेतली. पुढे पुराव्याअभावी धुळा सुटला. हवालदाराची चौकशी झाली आणि बदली झाली, त्यापलीकडे त्याला काही झालं नाही. हैबतराव पाटीलच राहिले. देवीचे डोळे सापडले नाहीत, आणि गावातली काही माणसं धुळाकडे शेवटपर्यंत तिरक्या नजरेनं बघत राहिली. कोर्टानं माणूस सोडला, म्हणून गाव त्याला सोडतंच असं नाही.

धुळाचा डावा पाय अधू झाला. दरसाल मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जाणं त्याला जमेना, म्हणून त्यांनी खांबेवाडीच्या माळावरच कायमचं छप्पर घातलं. कळप तानूबाई राखू लागली. त्या चावडीबद्दल धुळा अवाक्षर काढत नसे आणि पौडच्या रस्त्याला पाऊल टाकत नसे.

हळूहळू बातमी पसरली की त्या धनगरणीला साहेबापुढं कसं उभं राहायचं ते कळतं. कुणी धरला गेला की घरची बाई तानूबाईच्या छपराकडे येई. ती बरोबर जाई. कधी काम होई, कधी नुसते हेलपाटे होत. एकदा साहेब दौऱ्यावर गेलेले निघाले आणि ज्या माणसासाठी ती गेली होती तो मार खाऊन हात मोडून घरी आला. तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही.

चौसष्टच्या हिवाळ्यात साळूबाई नावाची कातकरीण रडत आली. तिच्या नवऱ्याला, भिकूला, लाकूडचोरीच्या संशयावरून धरलं होतं आणि दोन रात्री सोडलं नव्हतं. तानूबाई तापानं फणफणली होती. ती उठायला बघू लागली आणि पुन्हा कलंडली.

धुळा दाराशी बसला होता. त्यानं काठी उचलली.

"तू पड," तो म्हणाला. "मी जातो हिच्यासंगं."

"तुमी? पौडला?"

"वाट म्हाईत हाय मला."

लंगडत, थांबत, तो साळूबाईबरोबर कचेरीत पोचला. आता साहेब नवे, तरुण होते. धुळा काठीवर भार देऊन त्यांच्यापुढे उभा राहिला. मग तो म्हणाला, "सायेब, त्याला हितं आना. आन् आदी त्याचं पाय बघा. तोंडानं तो सांगनार न्हाई. लाज वाटती."

भिकूला संध्याकाळपर्यंत हजर केलं. पाय धड होते, पाठीवर वळ होते. साहेबांनी ते लिहून घेतले आणि त्याला जामिनावर सोडलं.

धुळा घरी आला तेव्हा तानूबाईचा ताप उतरला होता. तिनं चुलीवर पाणी ठेवलं आणि त्याचा सुजलेला पाय शेकायला घेतला. त्या रात्री धुळानं पहिल्यांदा, सात वर्षांनी, चावडीत काय काय झालं ते तिला सांगितलं. ती पाय शेकत राहिली.