एर्लांगेनच्या गणपतीत अमेरिकेचे अध्यक्ष

मुलांनो, परवा फोनवर धाकट्याने विचारलं, "आजी, अमेरिकेचं नाव काढलं की तुझा आवाज का बदलतो?" मोठी पुढच्या महिन्यात त्या देशाची नागरिक होणार आहे, तेव्हा उत्तर टाळणं बरं नाही. धाकटा त्या वेळी बाबागाडीत होता, आणि मोठीला जे आठवतं ते दहा वर्षांच्या मुलीचं आठवणं आहे. म्हणून झालं तसं, क्रमाने लिहिते. यात 'तू' म्हणजे मोठी, एवढं लक्षात ठेवा.

तेव्हा तुम्ही जर्मनीत, एर्लांगेनला राहत होतात. तुमचा बाबा अल्ट्रासाउंडच्या यंत्रांवर संशोधन करायचा आणि सायकलने कामाला जायचा. त्याला अमेरिकेत नोकरी मिळाली होती, फक्त व्हिसाची मुलाखत व्हायची होती. इराकचं युद्ध सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. मी शाळेतून निवृत्त झाले होते, उन्हाळ्यात आले होते आणि गणपतीपर्यंत राहणार होते. जन्मभर मुलींना इंग्रजीतून इतिहास शिकवला. राजालासुद्धा कायदा लागू असतो, हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल.

तिथल्या मराठी लोकांचा गणपती चर्चच्या भाड्याच्या सभागृहात बसायचा, तोही शनिवार-रविवार बघून. आरती झाली की मुलांची वक्तृत्व स्पर्धा. रीत अशी की भाषण आईबाप लिहीत, मूल ते रोमन अक्षरांत उतरवून पाठ करी, आणि टाळ्या घेऊन खाली आलं की मित्रांशी जर्मनमध्ये बोलायला लागे. त्या वर्षी विषय होता 'माझा आवडता नेता'. बाकीची मुलं महाराजांवर बोलणार होती. तू तुझ्या जर्मन 'तर मग'ने सुरुवात करून म्हणालीस, "आल्झो, मला एकच नेता नको. मी अमेरिकेचे अध्यक्ष घेते, आम्हाला शाळेत आहेत."

तू जर्मनमध्ये सांगायचीस, मी मराठीत लिहायची. ज्याने गुलामगिरी संपवली तो अध्यक्ष घेतला, आणि त्यानेच युद्धाच्या काळात माणसांना खटल्याशिवाय डांबलं हेही लिहिलं. ज्याने मंदीतून देश सावरला तो घेतला. त्याने स्वतःच्या देशातल्या जपानी वंशाच्या नागरिकांना, बायकामुलांसकट, काटेरी तारांच्या आत नेऊन ठेवलं होतं, तेही लिहिलं. ज्याच्या सहीने काळ्या लोकांना मत द्यायचा हक्क खरोखर बजावता आला, तोही घेतला. शेवटी त्या वेळचा अध्यक्ष. तो परिच्छेद सगळा तुझा होता: "एका बेटावर अमेरिकेचा तुरुंग आहे. तिथल्या माणसांना गुन्हा काय ते सांगत नाहीत आणि न्यायाधीशाकडे नेत नाहीत. आमच्या बाई म्हणाल्या, असं इथे जर्मनीतही झालं होतं आणि शेजारी गप्प बसले. अध्यक्षाला पण कोणीतरी नाही म्हणायला पाहिजे."

मंडळाचे चिटणीस भाषणं आधी बघायचे. पुण्याचेच, सॉफ्टवेअरमधले, बोलायला गोड. ते घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "काकू, भाषण छानच आहे. फक्त शेवटचं तेवढं पॉलिटिकल नको. गणपती आहे."

"सार्वजनिक गणपती कशासाठी सुरू झाला, शाळेत होतं ना तुम्हाला?"

"काकू, तेव्हा इंग्रज होते."

"आणि आता कोण आहे?"

ते हसले. "आता आपले अर्धे लोक अमेरिकन प्रोजेक्टवर आहेत."

मी तुझ्या बाबाकडे बघितलं. तो म्हणाला, "आई, काढून टाक. पंधरवड्यात माझी मुलाखत आहे."

"चर्चच्या हॉलमधलं पोरीचं भाषण कॉन्सुलेटला ऐकू जातं?"

"आजकाल सांगता येत नाही. फोन ऐकतात, ईमेल वाचतात."

"तुला कोणी सांगितलं, असं बोलू नका म्हणून?"

"सांगायला कशाला लागतं?"

तुमची आई आतून म्हणाली, "आई, चार ओळींसाठी कशाला ताणताय?"

मला किळस आली, दुसरा शब्द नाही. अध्यक्षाने तिकडे सह्या केल्या, आणि इकडे जर्मनीतल्या स्वयंपाकघरात एक शिकलेला माणूस, माझा मुलगा, कोणी न सांगता त्या अमलात आणत होता. त्याला मी वाढवलं होतं. त्याच्या हातात लाल पेन होतं, आणि त्याने तो परिच्छेद अगदी सरळ रेषेत खोडला. तू बघत होतीस. तू रडली नाहीस, फक्त विचारलंस, "हे खोटं आहे का?" बाबा म्हणाला, "नाही." मग तू खोलीत गेलीस.

स्पर्धेच्या दिवशी तू परकर-पोलक्यात उभी राहिलीस आणि न अडखळता तिसऱ्या अध्यक्षापर्यंत आलीस. मग थांबलीस. मला वाटलं विसरली. चिटणीस कागद हातात घेऊन पुढच्या ओळीसाठी ओठ हलवायला लागले. तू म्हणालीस, "इथे अजून एक परिच्छेद होता. तो खरा आहे, पण बाबाला व्हिसा पाहिजे म्हणून काढला. धन्यवाद."

सगळं सभागृह हसलं. मनापासून, पोट धरून हसलं. "काय गोड आहे हो!" असं माझ्या मागची बाई म्हणाली. एकालाही लाज वाटली नाही. हसण्यावारी नेणं त्यांना इतकं सोपं गेलं, याचीच मला त्या खोडण्यापेक्षा जास्त शिसारी आली. तुला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं, रंगीत पेन्सिलींचा डबा. तुझा बाबा मात्र हसला नव्हता. तो बाहेर सायकलींपाशी जाऊन उभा राहिला. घरी येताना बसमध्ये तो तुझ्याशेजारी बसला आणि म्हणाला, "तो परिच्छेद मला वाचून दाखव." तू म्हणालीस, "पाठ आहे," आणि भर बसमध्ये, जर्मनमध्ये, मोठ्याने म्हटलास. दोन म्हाताऱ्या बायकांनी वळून बघितलं. बाबाने तुला थांबवलं नाही.

मुलाखतीत त्याला पगार आणि पदव्या विचारल्या, बस. व्हिसा मिळाला, तुम्ही गेलात.

पुढे काही वर्षांनी त्यांच्याच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या कैद्यांना न्यायाधीशापुढे दाद मागता येते. अध्यक्ष त्यानंतर बदलत गेले, एकाने तर तुरुंग बंद करतो असं जाहीरही केलं. मी हे लिहिते आहे तेव्हाही तो तुरुंग आहे, आणि त्यात माणसं आहेत.