पापलेटचं मुंडकं

आमचा बा, गुलाबसिंग, एका जागी कदी बसलाच नाही. जेवतानाही अर्ध्या भाकरीवरून उठून बैलाच्या दाव्याले हात लावून येणार. असा माणूस सत्तावन साली जुहूच्या समुद्राकाठी, महागड्या हाटेलात, गादीच्या खुर्चीवर बसला. बसला कायचा, चुळबुळ करून राह्यला होता.

माहा थोरला भाऊ रतनसिंग त्या हाटेलात वाढपी. चार वर्षांत तांड्यावर एकडाव आलता. बानं ठरवलं, आता बस झालं, कारभार थोरल्याच्या हाती देऊन मोकळं व्हाचं. कामरगावाजवळच्या आमच्या तांड्यात याची रीत सोपी. बकरं कापलं की मुंडकं घरच्या कर्त्याच्या ताटात पडते. ज्या दिवशी बाप ते उचलून लेकाले देते अन् लेक खाते, त्या दिवसापासून लेक कर्ता. मंग त्याले घर सोडता येत नाही.

"बोकड घेऊन जाता का मंग मुंबईले?" मायनं इचारलं होतं.

बा म्हणे, "तिथं जे भेटन त्याचं मुंडकं."

मी हेमला, धाकला. तेवीस वर्षांचा, बायकोलेकराचा. नांगर माह्याच हाती, पन मले कोनी इचारलं नाही. तुले पाट्या वाचता येतात, संगं चाल, एवढंच. कारंज्याच्या लहान रुळाच्या आगगाडीत बसल्यापासून बाचं एकच, "येईन ना रे तो?" मी म्हनो, येईन. मनात म्हनो, न येवो. पाप म्हना, पन खरं ते सांगतो.

रतनसिंगनं मॅनेजरले सांगून कोपऱ्यातलं टेबल धरून ठेवलं होतं. कार्डावरचा भाव मी वाचला. एका पापलेटात कामरगावच्या बाजारात तीन कोंबड्या आल्या असत्या. बाले सांगितलंच नाही, तो उठून चालला असता. तसाही तो घडीघडी दाराकडं पाहे, पाय खुर्चीवर घे, पुन्हा खाली सोडे.

पितळी गुंड्यांचा पांढरा कोट घालून रतनसिंग आला. हाती ताट, मांगं मॅनेजरची नजर, म्हनून पायाले हात लावता आला नाही त्याले. ताटात अख्खं तळलेलं पापलेट, मुंडक्यासकट. बाचं तोंड उजळलं. त्यानं धोतराले हात पुसला, मुंडकं मोडलं अन् रतनसिंगपुढं धरलं.

"बा, आमाले गिऱ्हाइकासंगं बसता येत नाही."

"बसू नोको. उभ्यानं खा."

तेल बाच्या कोपरापर्यंत ओघळलं, पन हात हालला नाही. जलमात पहिल्यांदा मी त्याले एवढा वेळ थांबलेला पाह्यला.

रतनसिंग हळूच म्हणे, "मी वापस येत नाही, बा. हे हेमलाले दे. शेत तोच करते." अन् तो पलीकडल्या टेबलावर पानी वाढाले गेला.

मी माही बशी पुढं सरकवली. बानं माह्याकडं पाह्यलंच नाही. मुंडकं काटे टाकाच्या बशीत टाकलं अन् पेल्यातल्या पान्यानं हात धुतला. बाकीचा मासा मले खाले लावला. महागाची चीज, टाकाची कशी? चव सांगा म्हनान तर याद नाही. मले राग आलता, अजूनही आहे.

तांड्यावर पोचलो तर आंगनात सारे गोळा. माय म्हणे, "मुंडकं कोनाले देल्लं?"

बानं या पायावरचा भार त्या पायावर घेतला. "समुद्राच्या माशाले मुंडकं नसते," म्हणे.

सारे माह्याकडं वळले. शिकलेला मी. थोरला काय बोलला एवढं सांगतो तर तांड्यानं मलेच कर्ता केलं असतं, त्याच घडीले. बाही माह्याकडं पाहून राह्यला होता. मुंबईपासून इथवर त्यानं एकडावही पाह्यलं नव्हतं.

"हो," मी म्हन्लं, "नसते."