वडिलांच्या वतीने दिलेले उत्तर

अक्कलदाढ काढताना गुंगी घ्यायची की नुसती जागेपुरती भूल, हा प्रश्न माझ्यासमोर दोन वेळा आला. पहिल्या वेळी दाढ वडिलांची होती, दुसऱ्या वेळी माझी. दोन्ही वेळा उत्तर मीच दिले, आणि दोन्ही वेळा वेगळे दिले. सांगण्यासारखे एवढेच आहे. ते सांगायला मात्र मी पन्नाशी ओलांडली.

आमचे घर काचीगुड्यात. वडिलांचे शाळेचे शिक्षण उर्दूतून झालेले. पुढे सारी नोकरी महसूल खात्यात, जमिनींचे जुने उर्दू दस्तऐवज वाचून त्यांचा अर्थ लावण्यात गेली. निवृत्तीनंतरही कोणी ना कोणी पिवळा पडलेला कागद घेऊन दारात येत असे आणि वडील ओसरीवर बसून तो त्याला वाचून दाखवीत. घरात मराठी, बाजारात दखनी आणि कामापुरती तेलुगू, एवढ्यावर त्यांचे आयुष्य व्यवस्थित चालले होते. मी मात्र इंग्रजी शाळेत गेलो. आमच्यासारख्या घरांत तेव्हा एक रीतच पडून गेली होती: बँकेत, दवाखान्यात, कुठल्याही नव्या काचेच्या दाराआड गेले की वडिलांनी खुर्चीवर बसायचे आणि मुलाने बोलायचे. वडील कौतुकाने म्हणत, "तू बोल रे." ते कौतुक मी हक्क म्हणून घेऊ लागलो, हे मला कळले नाही.

ते पेजरचे दिवस होते. बेगमपेठेतल्या एका नव्या कंपनीत मी लागलो होतो. कमरेला पेजर, गळ्यात ओळखपत्र आणि तोंडात सतत 'वेळ नाही' हे शब्द. परदेशातून माणसे यायची, त्यांना आमचे काम दाखवायचे, आणि ते दाखवताना मी तिथे हजर असायचे, यापलीकडे जगात काही महत्त्वाचे आहे असे मला वाटत नव्हते.

वडिलांची उजवीकडची खालची अक्कलदाढ उतारवयात कुरकुर करू लागली. महिनाभर लवंग, मिठाच्या गुळण्या झाल्या. मग मी त्यांना हिमायतनगरच्या एका नव्या दवाखान्यात नेले. डॉक्टर तरुण, परदेशात शिकून आलेले, अतिशय सभ्य. त्यांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि इंग्रजीत मला समजावले. दाढ हाडात आडवी रुतली आहे, काढायला वेळ लागेल. आज जागेपुरती भूल देऊन काढता येईल. नाहीतर शनिवारी भूलतज्ज्ञ येतात, तेव्हा गुंगी देऊन काढू. रुग्णाला काही जाणवणार नाही, मात्र उपाशीपोटी यावे लागेल आणि सोबतच्याने दिवसभर थांबावे लागेल.

"यांना काय हवं, विचारा," ते म्हणाले.

शनिवारी आमच्याकडे परदेशी पाहुणे येणार होते.

मी वडिलांना काही विचारले नाही. डॉक्टरांना म्हणालो, "लोकल चालेल. माझे वडील खंबीर आहेत." माझी सोय मी त्यांच्या गुणांच्या नावावर खपवली. आजही मला सर्वांत जास्त हेच वाक्य टोचते.

"काय म्हणतात?" वडिलांनी विचारले.

"आजच काढतो म्हणतात, अण्णा. एक सुई. कळणारसुद्धा नाही."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले. "हौ," ते म्हणाले. "बरं."

ते आत गेले आणि माझा पेजर वाजला. समोरच्या एसटीडी बूथवरून ऑफिसला फोन करून मी परत आलो तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता. दार किंचित उघडे होते. आतून यंत्राची घरघर येत होती आणि तिच्याखाली दुसरा एक आवाज, घसा दाबून धरल्यासारखा, खालच्या पट्टीतला. असा आवाज मी वडिलांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. डॉक्टर त्यांना तेलुगूत समजावीत होते, "अयिपोयिंदि पेद्दायना, अयिपोयिंदि." झाले, झाले. तसे ते बरेच वेळा म्हणाले. मी आत गेलो नाही. भिंतीवरचे दात घासण्याचे चित्र पाहत बसलो.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याची कॉलर घामाने भिजली होती. वरचे बटण लावायला त्यांना जमेना. ते मी लावले. रिक्षात मी म्हणालो, "बघा, झालं की नाही पटकन?" त्यांनी मान हलवली. त्यांना घरी सोडून त्याच रिक्षाने मी बेगमपेठेला गेलो आणि ऑफिसात सांगितले की आमच्या अण्णांनी आडवी दाढ गुंगीशिवाय काढून घेतली. लोकांनी कौतुक केले. ते कौतुक मी स्वतःकडे घेतले.

दीडेक वर्षाने माझी दाढ दुखू लागली.

तोच दवाखाना, तेच डॉक्टर. एक्स-रे पाहून ते म्हणाले, तुमची तेवढी अवघड नाही, जागेपुरत्या भुलीत सहज निघेल. तरी गुंगीचा पर्याय आहेच. त्यांचे वाक्य पुरते व्हायच्या आत मी "गुंगी" म्हणून मोकळा झालो. ते हसून म्हणाले, "तुमच्या वडिलांनी फार सोसलं त्या दिवशी. शूर माणूस." मी म्हणालो, "हो." आणि शनिवारची वेळ घेतली. शनिवारी ऑफिसात काम नव्हते असे नाही. मी रजा टाकली.

घरी आईला सांगितले, "डॉक्टरच म्हणाले, गुंगी घ्यावी लागेल."

"यांच्या वेळी नाही म्हणाले ते?"

"माझी जास्त आडवी आहे."

"तुझं सगळंच आडवं," आई म्हणाली.

वडील वर्तमानपत्र वाचत होते. त्यातून डोके न काढता म्हणाले, "सोबत लागेल ना कोणी? मी येतो. तू आला होतास माझ्याबरोबर."

शनिवारी सकाळी मी चहासुद्धा न घेता निघालो. आई दाराशी येऊन म्हणाली, "दाढ देऊन ये, अक्कल तेवढी परत आण." वडील मनापासून हसले. रस्ताभर ते मला धीर देत होते, आणि त्यांनी दिलेला प्रत्येक धीर मला नकोसा होत होता.

दवाखान्यात एका मुलीने दोन पानी छापील संमतिपत्र पुढे केले. रुग्णाची सही आणि सोबतच्याची सही. मी न वाचता सही केली आणि कागद वडिलांपुढे सरकवून खालची जागा दाखवली. "इथं करा, अण्णा."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवून वाचायला सुरुवात केली.

एक गोष्ट मी मघाशी लिहिली नाही, कारण त्या दिवसापर्यंत मला ती आठवलीच नव्हती. उर्दू दस्तऐवज लावणे हे त्यांचे अर्धेच काम होते. उरलेले अर्धे म्हणजे प्रत्येक दस्तऐवजाचा इंग्रजी गोषवारा साहेबांसाठी लिहिणे. तीस वर्षे त्यांनी ते केले. ते इंग्रजी बोलत नसत, कारण बोलण्याची वेळ कधी आली नव्हती. बोलत नाहीत म्हणजे समजत नाही, असे मी धरून चाललो होतो. माझी बाराखडी ज्या टेबलावर झाली, त्याच टेबलावर ते गोषवारे लिहिले जात होते.

दुसऱ्या पानावर त्यांचे बोट थांबले.

"इथं म्हटलंय, दोन्ही पर्याय रुग्णाला समजावून सांगितले आणि त्याने स्वतः यातला एक निवडला."

"हो."

"म्हणजे डॉक्टरांनी सांगितलं नाही. तू निवडलंस."

"हो, अण्णा."

"चांगलं केलंस. उगाच कशाला सोसायचं?" त्यांनी खिशातून पेन काढले. मग टोपण न उघडताच म्हणाले, "माझ्या वेळीपण विचारलं होतं त्यांनी. शनिवारी या, म्हणाले होते."

मी पुढ्यातला कागद उगाच सरळ केला.

"मला वाटलं, तुझं काही काम असेल," ते म्हणाले, आणि त्यांनी सही केली. दस्तऐवजाखाली करीत तशी: पूर्ण नाव, खाली रेघ, रेघेखाली तारीख.

म्हणजे त्यांना सारे समजले होते. समजूनही "काय म्हणतात?" असे त्यांनी मला विचारले होते. तो प्रश्न माहितीसाठी नव्हता. खरे सांगण्याची एक संधी त्यांनी मला दिली होती. आणि मी म्हणालो होतो, एक सुई, कळणारसुद्धा नाही.

माझे नाव पुकारले गेले. खुर्चीवर बसल्यावर विचार आला की अजून वेळ गेलेली नाही. डॉक्टरांना सांगावे, गुंगी नको, जागेपुरती भूल द्या. त्यांनी सोसले त्यातले थोडे तरी आपण सोसावे. वडील बाहेर बसले होते, दार किंचित उघडे होते, माझा आवाज त्यांच्यापर्यंत गेला असता. भूलतज्ज्ञांनी माझी बाही वर केली. मी बोललो नाही. मी घाबरलो होतो, आणि लाज भीतीपेक्षा कमी पडली. दंडातून गार काहीतरी चढत गेले आणि सुटल्यासारखे वाटले. ते सुटणे किती सुखाचे होते, हे मला नीट आठवते. एवढेच सुख मी त्यांना नाकारले होते.

शुद्धीवर आलो तेव्हा माझे मनगट वडिलांच्या हातात होते. रिक्षात माझे डोके त्यांच्या खांद्यावर होते आणि गौलीगुड्याकडून येणाऱ्या बसचा धक्का बसू नये म्हणून ते रिक्षावाल्याला सारखे म्हणत होते, "आहिस्ते चलो मियां, बच्चे का ऑपरेशन हुआ है." बच्चा एकोणतीस वर्षांचा होता.

दुपारी त्यांनी दहीभात अगदी मऊ कालवून, गार करून आणला आणि चमच्याने भरवू लागले. दोन घास गेल्यावर मी म्हणालो, "अण्णा, त्या दिवशी मी..." सुजलेल्या गालामुळे शब्द ओले, वेडेवाकडे निघाले.

"बोलू नकोस. टाके आहेत."

"काय म्हणतोय तो?" आईने स्वयंपाकघरातून विचारले.

"काही नाही. गुंगीत बडबडतोय."

गुंगी केव्हाच उतरली होती. ते त्यांनाही ठाऊक होते. आईपुढे त्यांनी मला वाचवले, आणि मीही डोळे मिटून घेतले, जणू खरोखरच गुंगीत आहे. आठवड्याने टाके निघाले. त्यानंतर बोलता आले असते. मी उद्यावर टाकत राहिलो. न बोललेल्या गोष्टीवर लवकर साय धरते. मग ती मोडायला नको वाटते.

पुढच्या हिवाळ्यात एका शनिवारी मी संध्याकाळी ऑफिसातून आलो, तर वडील पलंगावर उशीला टेकून बसलेले, डावा गाल सुजलेला. शेजारी खुर्चीत त्यांचे जुने दफ्तरातले स्नेही, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होते.

"आओ मियां, आओ! तुम्हारे वालिद का किस्सा सुनो. सुई लगी, इनका दफ्तर खुल गया. डॉक्टर कू पूछ रैं, इस कागज पे मोहर किधर है!"

वडील गाल धरून हसत होते. "हसवू नको रे, दुखतं."

डावी दाढ त्या दुपारी निघाली होती. ते दोघे जुने सोबती सकाळी उपाशी बसने हिमायतनगरला गेले होते आणि दिवसभर तिथे होते.

"मला का नाही सांगितलंत? मी आलो असतो," मी म्हणालो.

"डॉक्टरांनी विचारलं, मी गुंगी सांगितली. झालं की." त्यांच्या स्वरात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला काही उत्तर देता आले असते. निदान पाया पडता आले असते.

स्नेही म्हणाले, "क्या अंग्रेजी बोले मियां! मैं तो देखताच रै गया."

त्यानंतर वडील पुष्कळ वर्षे जगले. डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, पुढे हृदयाच्या तपासण्या झाल्या. मला ते बरोबर नेत असत. मी टाळला गेलो असे कधी वाटू दिले नाही. पण "तू बोल रे" हे शब्द त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकले नाहीत. मी फाइल मांडीवर घेऊन शेजारी बसत असे आणि ते स्वतः बोलत. सावकाश, साहेबांसाठी गोषवारा लिहावा तसे, सारे वाक्य आधी मनात जुळवून. मधेच एखादा शब्द अडे. तेव्हा ते माझ्याकडे पाहत नसत. डॉक्टरांकडे पाहत थांबत. तो शब्द मला ठाऊक असे. मी तो सांगत नसे.