सिंधुबाईची झोप

सकाळी साडेसातला आमच्या घरात कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. कुकर, मिक्सर, मोजा सापडत नाही म्हणून वेदिकाची भुणभुण, आणि गरम पाणी येत नाही म्हणून बाथरूममधून हे. पोळी तव्यावर असतानाच दारावर थाप पडली. बेल असताना दार वाजवणारं कोण, म्हणून उलथनं हातात तसंच घेऊन गेले, तर सिंधुबाई.

सिंधुबाई आमच्या फुलवाल्या. मखमलाबादकडे त्यांचं वीस गुंठे रान आहे, त्यात शेवंती आणि झेंडू. पहाटे खुडायचं, बराच माल बाजारात द्यायचा आणि उरलेल्या फुलांच्या पुड्या बांधून आमच्या कॉलनीत दारोदार फिरायचं. बारा वर्षांत त्यांनी आमचं दार वाजवलेलं मला आठवत नाही. पुडी कडीला अडकवायची आणि जिना उतरायचा. त्या दिवशीची पुडीही सहालाच आली होती. म्हणजे सगळी घरं उरकून त्या परत आल्या होत्या. पाटी नव्हती. साबणाच्या डबीएवढी एक निळी डबी तेवढी पदराखाली धरलेली.

दोघांना वाटेला लावेपर्यंत त्या स्वयंपाकघराच्या दाराशी बसून होत्या. भिंत मागे होती, पण टेकल्या नव्हत्या. का टेकत नाहीत हे मला माहीत होतं. सगळ्या कॉलनीला माहीत होतं. सिंधुबाई घोरतात.

आमचे हेही घोरतात, आणि त्याची घरात कौतुकानं नक्कल होते. बाई घोरली की मात्र तिच्या आईनं तिला कसं वाढवलं इथपासून सुरुवात होते. सिंधुबाईंचं माहेर कळवणकडचं. लग्न होऊन आल्या त्याच महिन्यात सासूनं त्यांचं अंथरूण गोठ्याशेजारच्या खोलीत टाकलं. म्हशी तरी गप निजतात, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. नवरा, वाल्मीक, भला माणूस आहे, पण आईपुढे कधी बोलला नाही. सासू गेली तरी सिंधुबाई तिथेच निजत राहिल्या. कुणी घरात बोलावलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

परक्या घरी तर त्या झोपतच नसत. लग्नकार्यात रात्रभर भाजी निवडायच्या, भांडी घासायच्या, आणि बायका म्हणायच्या, सिंधूला कामाची काय हौस. वडील वारले तेव्हा कळवणला तीन रात्री बसून काढल्या आणि चौथ्या दिवशी दहाव्याची वाट न बघता परत आल्या. भावजया अजून म्हणतात, हिला बापाचं काही नव्हतं.

असं अठ्ठावीस वर्षं सांभाळलं, आणि एका दुपारी एक तास डोळा लागला. तोही लेकीच्या लग्नात.

हर्षाली निफाडला दिली. द्राक्षबागा असलेलं घर. लग्न तिकडच्याच लॉन्सवर होतं. मांडवाच्या माळा सिंधुबाईंनी स्वतःच्या फुलांच्या ओवल्या होत्या, पाच दिवस नीट झोप नव्हती. हळदीच्या दुपारी झेंडूच्या गोणीला पाठ टेकली ती तशीच राहिली. नवरदेवाचा धाकटा भाऊ सुयश तिथून जात होता. त्यानं मोबाइल काढला.

संध्याकाळी हळदीत डीजेवाल्यानं तो आवाज स्पीकरवर लावला आणि त्याला ठेका दिला. दोन्हीकडची माणसं नाचली.

"मला वाटलं, कायतरी नवीन गाणं हाय," सिंधुबाईंनी मला सांगितलं होतं. "मीबी टाळ्या वाजवल्या, ताई. मग हर्षालीकडं बघितलं. ती खाली मान घालून हातावरची हळद खरवडत व्हती."

तो व्हिडिओ फिरत फिरत आमच्या कॉलनीतही आला. मीही पाहिला, आणि हसले. खोटं कशाला सांगू? दुसऱ्यांदा कुणीतरी दाखवला तेव्हा नीट पाहिला. मध्येच घोरणं एकदम थांबतं. छाती वरखाली होते आहे, तोंड उघडं आहे, आणि आत काहीच जात नाही. अर्धं मिनिट तसंच. मग पाण्यातून वर आल्यासारखा एक मोठा आचका. सुयशच्या मागे जमलेली पोरं नेमकी त्या आचक्यालाच सगळ्यात जोरात हसतात.

निफाडच्या घरात त्यांचं नाव ब्लोअर पडलं. द्राक्षांवर औषध मारायचं ट्रॅक्टरमागचं ते यंत्र चालू झालं की शेजारच्या माणसाला ओरडून बोलावं लागतं. हर्षालीनं भाजीत मीठ जास्त टाकलं की ब्लोअरची पोरगी, आणि सकाळी पाच मिनिटं उशिरा उठली तरी ब्लोअरची पोरगी.

एवढं होऊनही सिंधुबाईंनी एक गोष्ट मनात धरून ठेवली होती. पहिलं बाळंतपण माहेरी. तो हक्क कुणी काढून घेत नाही, असं त्यांना वाटायचं. गोठ्याशेजारच्या खोलीला त्यांनी रंग दिला, खिडकीला जाळी बसवली. तिथे लेक आणि नातवंड निजणार होतं.

सातव्या महिन्यात निफाडला डोहाळजेवण झालं. ओटी भरायला रांग होती. आदल्या दिवशीच्या बाजाराचा शीण, त्यात पहाटेची एसटी. हातात ताट घेऊन बसल्या बसल्या सिंधुबाईंना डुलकी लागली. नारळ घरंगळत पार व्याह्यांच्या पायाशी गेला. हर्षालीची सासू नवसाबाई सगळ्या बायकांच्या देखत म्हणाली, "हिच्या मांडीवर लेकरू द्यायचं? आमची सून आमच्याकडंच बाळंत होईल."

नवसाबाईला नुसतं वाईट म्हणून सोडून देता येत नाही, कारण तिची भीती खोटी नव्हती. पण बोलताना ती हसत होती.

त्यानंतरच्या आठवड्यात सिंधुबाई गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्याच्या पायरीवर पाटीसकट झोपलेल्या सापडल्या. तिथल्या दातांच्या डॉक्टर शुभांगीताई रोज त्यांच्याकडूनच हार घेतात. त्यांनी उठवलं, आत नेलं, आणि अठ्ठावीस वर्षांत कुणी न विचारलेलं विचारलं. सकाळी डोकं दुखतं का? रात्री गुदमरून जाग येते का? मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. बोटाला चिमटा आणि नाकाला नळी लावून एका रात्रीची तपासणी झाली. तासाला एकोणीस वेळा श्वास अडत होता. झोप लागली की जीभ आणि जबडा मागे पडतात, वाट बंद होते, आणि गुदमरलेला मेंदू माणसाला पुन्हा पुन्हा हलवून जागं करतो. त्याचं नाव स्लीप अ‍ॅप्निया. म्हणजे सिंधुबाई रोज आठ तास आडव्या होत होत्या आणि झोपत नव्हत्या. रिपोर्ट वाचून दाखवला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, मग मी आळशी नव्हते का?

रात्रभर नाकातून हवा सोडणारं मशीन घ्यायचं तर मळ्यात विजेचा भरवसा नाही. आजार मध्यम होता, दात मजबूत होते, म्हणून दातांवर बसवायचं साधन ठरलं. मिश्री सोडायला लावली. वरखालच्या दातांची मापं घेऊन दोन पारदर्शक साचे केले. रात्री ते घातले की खालचा जबडा थोडा पुढे धरला जातो आणि घसा मोकळा राहतो. दर पंधरा दिवसांनी त्यातला स्क्रू किंचित फिरवून जबडा आणखी जरासा पुढे. पहिले आठ दिवस लाळ गळायची, सकाळी भाकरी चावताना जबडा ठणकायचा. सिंधुबाईंनी एक रात्र चुकवली नाही.

दीड महिन्यात बाई बदलली. डोळ्यांखालचं काळं कमी झालं, पुड्यांच्या हिशेबात चूक होईनाशी झाली. वाल्मीकनं एका रात्री घरात अंथरूण घातलं आणि तासभराचं रेकॉर्डिंग केलं. पंख्याशिवाय कसला आवाज नव्हता. मोठ्या आशेनं सिंधुबाईंनी ते दोन्ही घरांच्या ग्रुपवर टाकलं.

सुयशनं खाली लिहिलं, "आवाज नाही म्हणजे ब्लोअर बंद पडला की मालकीणच गेली?" नवसाबाईनं लिहिलं, जागी राहून डोळे मिटले असतील. मग हसऱ्या चेहऱ्यांची रांग. त्यात एक हर्षालीचा होता.

हे सगळं मला तुकड्यातुकड्यानं आधीच कळलेलं होतं. त्या सकाळी नवीन होतं ते आदल्या संध्याकाळच्या फोनचं. हर्षालीचा नववा अर्धा सरला होता. सिंधुबाईंनी विहिणीला विचारलं, तपासणी परत होणार आहे, रिपोर्ट दाखवला तर रात्री बाळंतिणीजवळ राहू द्याल का? ती तपासणी दीड महिन्यानं, आणि बाळंतपण पंधरा दिवसांवर. नवसाबाई म्हणाली की कागद कुणीही छापून देतं, आणि नवऱ्याची साक्ष कोण धरतं? पाचवीला या, जेवा, आणि संध्याकाळच्या एसटीनं जा. रात्री आमच्याकडं लेकरू असतंय.

"हर्षाली काही बोलली का?" मी विचारलं.

"फोन स्पीकरवर व्हता. ती हसली." सिंधुबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "तिला त्या घरात ऱ्हायचं हाय, ताई. तिनं हसायलाच पायजे."

मी ओट्यावरचं पीठ पुसायला घेतलं. त्यांनी निळी डबी उघडून साचे मला दाखवले. स्वच्छ घासलेले होते.

"शेवटी इहीणबाई म्हनल्या, तुमच्या घरचं नगं, बाहेरचं कुणीतरी शिकलेलं सांगू दे, मग बघू. मला म्हाईत हाय, बघू म्हंजी नाय. पण म्हनल्या तर हायेत."

"मग?"

"तुम्ही घरीच असता आज. मी हितं जिमिनीवर निजते, दुपारपस्तोर. तुम्ही शेजारी बसून बघा. मग इहीणबाईंना फोन करा आन् जे ऐकलं ते सांगा. घोरले तर घोरली म्हना."